शर्टावरून बेतलेला झंपर

ओतूरच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक गाळा. दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात दोरीवर टाकलेला पडदा. बाहेर पाटीवर 'डिझायनर ब्लाउज' असं रंगवलंय. कॉलेजच्या पोरी येतात, मोबाइल माझ्या नाकाला लावतात आणि म्हणतात, "काकू, सेम असंच पायजे." सेम! फोटोतली बाई म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग आणि ही आमची खात्यापित्या घरची लेक, तरी हिला सेम पाहिजे. मी हो म्हणते आणि कात्री उचलते. परवा एकीनं कापड देता देता विचारलं, "काकू, तुम्हाला डिझाइन सुचतात कुठून?" मी म्हटलं, "तुमच्याच मोबाइलमधून, बाई." ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मात्र माझं मशीन बराच वेळ चाललं नाही.

कारण कुणाचाही फोटो न बघता, स्वतःच्या डोक्यानं, मी आजवर एकच झंपर बेतलाय. तो माझ्या आक्काचा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर आणे पठारावरचं. तिथं पाण्याची कायम बोंब, म्हणून वडिलांनी दोघींनाही पाण्याच्या गावात दिलं. मला इथं ओतूरला आणि तिला आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या अलीकडं. ती कांद्या-बटाट्याच्या रानात राबली, मी मशिनीवर. तिचे झंपर सगळे मीच शिवायचे. ती कधी अंगाला टेप लावू द्यायची नाही, आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

आमच्याकडं बायका माप देत नाहीत, मापाचा ब्लाउज देतात. घरातला बरा बसणारा एक जुना ब्लाउज पिशवीत घालून आणायचा, टेबलावर ठेवायचा, "ह्याच्यावरून कापा" म्हणायचं आणि बाजाराला निघून जायचं. मग बाई बाळंत होवो, सुटो, नाहीतर दुखण्यानं वाळून जावो, मापाचा ब्लाउज वर्षानुवर्षं तोच. आम्ही शिवणाऱ्याही बिनबोभाट त्यावरूनच कापतो. त्यात एक सोय आहे. अंगाविषयी दोघींपैकी कुणालाच तोंड उघडावं लागत नाही.

आई गेली तेव्हाची एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथून आलंय. पठारावरच्या घरात बायकांनी आईला आंघोळ घातली आणि नवा झंपर घालायला घेतला, तर हात वळेनात. अशा वेळी झंपर पाठीकडून उभा कापतात, एक अर्धा या हातात सरकवतात, दुसरा त्या हातात, आणि वरून लुगडं ओढून घेतात. सगळीकडं असंच करतात. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. शिवणारी मी, तेव्हा कापणारीही मीच. कुणीतरी कात्री आणून हातात दिली. मी शिवलेला झंपर मीच मधोमध कापला. एवढी वर्षं कापड कापतेय, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आक्का माझ्या शेजारीच बसली होती. ती उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. दहाव्याला भांडी घासता घासता एकदम म्हणाली, "जल्मात कधी पदर ढळू दिला न्हाई तिनं, आन् शेवटाला उघड्या पाठीनं गेली."

त्यानंतर बऱ्याच काळानं आक्काच्या उजव्या छातीत गाठ निघाली. तिनं ती लपवली, दाबून ठेवली, आणि दाजींना कळलं तोवर उशीर झाला होता. पुण्याला ऑपरेशन झालं. उजवी बाजू काढून टाकली. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले, आम्हीही तेच म्हणत राहिलो.

डावी बाजू गेली असती तर एक वेळ निभावलं असतं. पदर डाव्या खांद्यावरूनच जातो, त्याखाली सगळं झाकतं. गेली ती उजवी. साडी नेसलेल्या बाईची उजवी बाजूच सगळ्या जगाला दिसते. त्यात ऑपरेशननंतर तिचा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत सुजला, तो खांद्याच्या वर जाईना. जुन्या झंपराच्या बाहीत तो शिरेना. मग तिनं एक उपाय काढला. दाजींचा जुना फुल शर्ट साडीवर चढवायचा आणि तो अंगातून काढायचाच नाही.

आता साडीवर पुरुषाचा शर्ट आमच्याकडं नवा नाही. काढणीला, खुरपणीला सगळ्याच बायका नवऱ्याचा जुनापाना शर्ट घालतात. ऊन लागत नाही, पाला टोचत नाही, झंपर घामानं कुजत नाही. पण तो रानातला. आक्का तो घरात घाली, देवळात घाली, पाहुणे आले तरी घाली. मला बघवायचं नाही. मी जाईन तेव्हा भांडायचे. "काढ गं तो शर्ट! रानात चाललीस का बुजगावण्यासारखी?" ती म्हणायची, "तुला काय टोचतंय? तुझ्या अंगात हाय का?" मग मी चिडून चहा न घेताच निघायचे.

तशात तिच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. स्थळ नारायणगावकडचं, माणसं चांगली. साखरपुडा घरातच उरकला, आक्का शर्टावर शाल घेऊन बसली, कुणी काही बोललं नाही. लग्न मात्र कार्यालयात होतं, सगळ्या भावकीसमोर. मुलीच्या आईला कन्यादानाला बसावं लागतं, आणि त्यानंतर विहीणभेट. दोन्ही विहिणी एकमेकींना हळदकुंकू लावतात, ओटी भरतात आणि सगळ्यांदेखत मिठी मारतात. मंडपातल्या सगळ्या बायका त्या वेळी माना उंच करून बघत असतात. कुणाची साडी भारी, कुणाचं डोरलं मोठं, कोण कुणाला आधी सोडते, सगळं बघतात. आक्काला त्या मिठीची धास्ती होती. तिनं तसं कधी सांगितलं नाही, पण मला कळायचं.

भाची साडी घेऊन दुकानात आली. गर्द वांगी रंगाची, मोरपंखी काठाची. सोबत पिशवीत आक्काचा मापाचा ब्लाउज. ऑपरेशनच्या आधीचा. आक्कानं सवयीनं तोच काढून दिला आणि मी सवयीनं तोच टेबलावर पसरला. त्या मापाचं अंग आता जगात नव्हतं. आम्हा तिघींनाही ते ठाऊक होतं, आणि तिघींपैकी एकीनंही ते तोंडातून काढलं नाही. मी मनात म्हटलं, उजवीकडं पॅड घालू, हल्ली मोबाइलवर सगळेच पॅडचे ब्लाउज असतात. बाही ढिली ठेवली, उजव्या कटोरीत स्पंजचं चांगलं पॅड शिवलं आणि घेऊन गेले.

घातल्यावर लांबून बरा दिसला. भाचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, किती छान दिसतीस गं!" असं म्हणून तिनं आईला मिठी मारली. सुटली तेव्हा पॅड वर सरकून गळ्याच्या हाडापाशी आलं होतं आणि खालची कटोरी रिकामी पिशवी होऊन लोंबत होती. आक्कानं गळ्यातून हात घालून पॅड उपसून काढलं आणि खाटेवर टाकलं. पुन्हा शर्ट चढवला. बटणं लावता लावता म्हणाली, "जावंला बसवा कन्यादानाला. विहीणभेट बी तिनंच घ्यावी. मी सैपाकाकडं बघते."

"वेडी का खुळी तू? पोरगी तुझी!" मी ओरडलेच.

"माझीच हाय म्हणून म्हणते. तिच्या सासूच्या हातात ह्ये आलं तर?" तिनं खाटेवरच्या पॅडकडं बोट केलं. भाची तोंड झाकून आत पळाली. मी माझी टेप, टाचण्या गोळा केल्या आणि ओट्यावर येऊन बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

गाडीला वेळ होता. तेवढ्यात कांदा काढून परतणाऱ्या बायकांचा पिकअप रस्त्याला थांबला. उन्हानं लाल झालेल्या, डोक्याला टॉवेल बांधलेल्या, आणि एकजात सगळ्यांच्या साडीवर पुरुषांचे शर्ट. चौकड्याचे, रेघांचे, विटलेले. "आक्का, पाणी द्या वो," म्हणून त्यांनी हाक दिली. आक्का कळशी घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिली. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असावं, कारण आक्का हसली. पाठ ताठ करून, डावा हात कमरेवर ठेवून, दात दाखवून हसली. ऑपरेशनपासून मी तिला खांदे पाडून, उजवा हात छातीवर आडवा धरून चालतानाच बघत आले होते. आणि इथं त्या घोळक्यात आक्का कोणती आणि मजूर बाई कोणती, हे मला क्षणभर ओळखू येईना.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. जन्मभर शिवणकाम केलं आणि एवढं लक्षात आलं नाही. शर्ट सपाट अंगासाठी बेतलेला असतो. त्याला छातीचा उंचवटा ठाऊकच नसतो, म्हणून तो गेला तरी शर्टाला काही कमी पडत नाही. आक्का त्यात लपत नव्हती. सगळ्या बाजारात तिला पुरी बाई समजणारं तेवढं एकच कापड होतं, आणि मी ते काढ म्हणून तिच्याशी भांडत होते.

मी तशीच उठले. "आक्का, तो शर्ट दे. उसवून बघायचाय."

"हा न्हाई द्यायची," तिनं दोन्ही हातांनी गळा आवळून धरला.

दाजी दारात बसून आमचं सगळं ऐकत होते. गडी तसा अबोल, होय-नाही एवढ्यावरच दिवस काढणारा. त्यांनी अंगातला शर्ट काढला, घडी केली आणि माझ्या पिशवीवर ठेवला. "घ्या. धुवायलाच टाकायचा व्हता," म्हणाले, आणि बनियनवर तिथंच बसून राहिले.

दुकानात आल्यावर तो शर्ट मी शिवणीशिवणीतून उसवला आणि सगळे तुकडे टेबलावर मांडले. असं बघायला मी कधी शिकलेच नव्हते. मी ब्लाउज शिकले, म्हणजे कटोऱ्या, टक्स, आवळणं, उचलणं. इथं काहीच आवळत नव्हतं. मग मी मापाचा ब्लाउज बाजूला ठेवला आणि पुढच्या रविवारी आक्काकडं जाऊन दाराला आतून कडी घातली.

"काढ. आज अंगावरून माप घेणार."

"लाज न्हाई वाटत?"

"वाटतीय की. तुलाही वाटू दे. पण काढ."

तिनं काढलं. मी पहिल्यांदाच बघितलं. खांद्याखालून तिरपी गेलेली शिवण, भरून आलेली, पण कातडी ओढलेली. माझी टेप डावीकडून आली आणि उजवीकडं आल्यावर सरळ बरगड्यांवर पडली. आक्का खिडकीकडं बघत होती, म्हणाली, "टाका बरा घातलाय का गं डॉक्टरनी? तू बघ, तुला कळतंय." मी म्हटलं, "माझ्याइतका सुबक न्हाई." तेव्हा ती हसली, आणि हसता हसता दोघी रडलो. एवढ्या दिवसांचं तुंबलेलं त्या खोलीत एकदाचं वाहून गेलं.

कापड घ्यायला मी जुन्नरला गेले. तिथला दुकानदार मारवाडी, पण मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलणारा. रेशमी कापडाचे ताके उलगडून मी ते शर्टासारखं खांद्यावर टाकून बघत होते. त्यानं विचारलं, "ताई, शर्टाला पाहिजे का ब्लाउजला?" मी म्हटलं, "दोन्हीला." त्यानं दोन्हीकडचे ताके काढून माझ्यापुढं टाकले.

शेवटी मोरपंखी कापड घेतलं, काठाच्या रंगाचं. पुढचा भाग सरळ सोडला, एकही टक घातला नाही. कमरेपर्यंत लांब. गळ्याला शर्टाची कॉलर नको, म्हणून बारीक उभी पट्टी. बटणपट्टी मधून न घेता थोडी उजवीकडं नेली आणि तिच्या शेजारी उभ्या चुण्या घातल्या, म्हणजे नजर चुण्यांवर जाते. बाह्या मनगटापर्यंत, कफाच्या. आणि उजवी बाही मी शिवलीच नाही. मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खाली कमरेपर्यंत ती बाजू उघडी ठेवली, आणि त्याच कापडानं मढवलेली बारीक बटणं लावली. डावा हात घालायचा, कापड पाठीमागून आणायचं, सुजलेला हात नुसता उघड्या बाहीत ठेवायचा आणि बटणं लावत जायचं. हात उचलायचं कामच नाही. सगळी काजं मी हातानं केली.

आक्कानं घातला. आरशाकडं पाठ करून घातला आणि मग वळली. उजव्या बाहीच्या बटणांवरून बोट फिरवत राहिली. "बरं केलंस," म्हणाली, "हात वर करावा लागत न्हाई." मी म्हटलं, "त्यासाठीच तर केलं." तिनं माझ्याकडं जरा वेगळंच बघितलं आणि साडी नेसायला घेतली.

कन्यादानाला तीच बसली. विहीणभेटीला समोरून विहीणबाई आल्या. अंगानं भरलेल्या, स्वभावानं मोकळ्या. त्यांनी हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि आक्काला अशी कवेत घेतली की मी इकडं श्वास धरला. काही सरकलं नाही, सरकण्यासारखं काही नव्हतंच. आक्कानं त्यांना आधी सोडलं नाही. सुटल्यावर विहीणबाई झंपर निरखत म्हणाल्या, "आवं, नव्या फॅशनचा दिसतोय! कुठनं आणला?" आक्का म्हणाली, "आमच्या मालकांचा शर्ट हाय." मंडपातल्या बायका खो-खो हसल्या. दाजी लांब उभे होते, त्यांनी मान खाली घातली आणि टोपी नीट केली.

त्या लग्नानंतर मला आशा लागली होती. पण दुखणं हाडात उतरलं. पुण्याच्या फेऱ्या झाल्या, मग त्याही थांबल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू असताना एके सकाळी भाचीचा फोन आला. तिला बोलता येईना. मी म्हटलं, "समजलं. निघते मी."

सवाष्ण गेली की तिला शेवटी माहेरची हिरवी साडी नेसवतात. आईबाप नाहीत, भाऊ नाही, तेव्हा आक्काचं माहेर म्हणजे मीच. वाटेत साडी घेतली, नवा झंपर दुकानातून उचलला. आणि पिशवीच्या तळाशी कात्री ठेवली. बायका ती मागणार हे ठाऊक होतं. मंचरकडच्या वाटेत ती कात्री माझ्या मांडीला लागत होती, आणि मला सारखी आईची पाठ दिसत होती.

बायकांनी आक्काला आंघोळ घातली. कपाळ हळदीकुंकवानं भरलं. भावकीतली थोरली म्हातारी पुढं होती, अशा कामाला तिलाच बोलावतात. तिनं आक्काचा उजवा हात उचलून बघितला आणि खाली ठेवला. "न्हाई वळायचा. काढ बाय कात्री," म्हणाली आणि माझ्यापुढं हात पसरला. मी पिशवीत हात घातला. कात्री हाताला लागली. ती बाहेर काढायला माझं मन धजेना.

तेवढ्यात भाची गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात मोरपंखी झंपर होता, लग्नानंतर धुऊन इस्त्रीच्या घडीत ठेवलेला. "मावशी, आईनं सांगून ठेवलंय, ह्योच घालायचा," ती म्हणाली. "म्हणाली, माझ्या बहिणीला परत कापायला लावू नका. त्याला हात वर करावा लागत न्हाई."

म्हणजे आरशापुढं उभी राहून, बटणांवरून बोट फिरवत, आक्काला तेव्हा लग्न दिसत नव्हतं. तिला आई दिसत होती. आणि मी दिसत होते.

"अगं पण घातलेला झंपर कसा चालंल?" म्हातारी म्हणाली. "नवा लागतो."

"घातलेला तर घातलेला!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर अंगणातली माणसं दाराकडं वळली. डावा हात आम्ही बाहीत घातला. भाचीनं आईला कुशीवर धरलं, मी कापड पाठीमागून ओढून घेतलं. सुजलेला उजवा हात उघड्या बाहीत ठेवला. पाठ सगळी झाकली गेली.

म्हातारीचा हात अजून कात्रीसाठी पुढं होता. मी तो धरला आणि आक्काच्या मनगटापाशी नेला. "कात्री नको, आजी," मी म्हटलं. "बटणं लावायला घ्या."